लग्न गावाचे, कागद सरकारचा

सूरजागड हे नाव उच्चारताच आज महाराष्ट्राला लोहखनिज आठवते. एटापल्ली तालुक्यातील त्या डोंगराची चर्चा खाण, रस्ता, मालमोटारी आणि बंदोबस्त या चार शब्दांच्या पलीकडे सहसा जात नाही. डोंगराखाली माणसे राहतात, त्यांना मुले होतात, ती आश्रमशाळेत जातात, त्यांतील काही महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडतात, ही साधी गोष्ट खनिजाच्या हिशेबात कोठे मांडली जात नाही. वास्तविक २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा शिक्षणाच्या वाटेवर बराच पुढे आला आहे. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०२५ मध्ये त्या विद्यापीठाचा ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाशी करार झाला. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शासनाची शिष्यवृत्ती आहे. तेव्हा माडिया घरातील मुलगा अथवा मुलगी समुद्रापलीकडे शिकावयास वा नोकरीस जाणे ही आता कविकल्पना राहिलेली नाही. आणि ती राहिली नाही, म्हणूनच एक नवा प्रश्न दाराशी येऊन उभा आहे: जाणारा विवाहित असेल, तर त्याच्या जोडीदाराचे काय?

‘आधी त्याने जावे, बस्तान बसवावे, मग तिला न्यावे,’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही ते अजून दिले जाते. या उत्तरात व्यवहारचातुर्य आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्यात धोका आहे. परदेशचा व्हिसा देणारा अधिकारी संसार पाहत नाही, तो कागद पाहतो. आणि तो कागद कोणत्या तारखेचा आहे, जाणाऱ्याने पहिल्या अर्जात जोडीदाराचा उल्लेख केला होता की नाही, हेही पाहतो. ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याने आपली पत्नी अथवा पती, बरोबर येणार नसला तरीसुद्धा, मूळ अर्जातच नमूद करावा असा तेथील नियम आहे. तो उल्लेख राहिला, तर पुढे जोडीदाराला आणण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणून जी ओळ कोरी सोडली, तीच ओळ पुढे दोघांच्या मध्ये भिंत होऊन उभी राहते. उलट दोघांनी निघण्यापूर्वीच, सर्व कागद जुळवून, बरोबरीने अर्ज केला तर हरकत असलीच तर ती घरी असतानाच कळते. परक्या मुलखात एकटे बसून कळत नाही.

हे नियम सर्व देशांत सारखे नाहीत, आणि ते वरचेवर बदलतात, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर नेण्यास मनाई केली. संशोधनाच्या पदवीसाठी जाणारे आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणारे यांना मात्र त्यातून वगळले. शासनाच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही सवलत ठाऊक नसेल, तर तो विनाकारण एकटा जाईल. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्याने जोडीदाराला बोलवावयाचे, तर त्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून एकदम २९,००० पौंडांवर नेण्यात आली. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळणारा कामाचा परवाना काही ठराविक अभ्यासक्रमांपुरताच मर्यादित केला. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. कुशल नोकरीवर गेलेल्याच्या जोडीदारांना २०१५ साली ती मुभा मिळाली, पण तीही ज्यांच्या कायम वास्तव्याची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे त्यांच्यापुरतीच. जर्मनीत जाणाऱ्या जोडीदाराला, काही अपवाद सोडले, तर आधी प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. या सर्व नियमांत एक गोष्ट मात्र समान आहे. जोडीदार हा तेथे ‘आश्रित’ म्हणून जातो, आणि आश्रितपणा सिद्ध करण्याचा पहिला पुरावा म्हणजे विवाहाचे प्रमाणपत्र.

कागदावाचून लग्न नाही, ही परक्या सरकारची भूमिका आजची नव्हे. आणि तिचे चटके भारतीय स्त्रियांनी शंभर वर्षांपूर्वीच सोसले आहेत. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. पतीपाशी राहावयास भारतातून आलेल्या एका मुस्लिम स्त्रीला बंदरात उतरू द्यावे की नाही, एवढाच मुद्दा होता. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह तेथील कायदा मानीत नाही, असा निर्णय झाला. एका फटक्यासरशी तेथील हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत; त्यांची मुले अनौरस ठरण्याची पाळी आली. आदल्याच वर्षी नामदार गोपाळ कृष्ण गोखले त्या देशाचा दौरा करून, भारतीयांवरील जाचक कर दूर होईल या अपेक्षेने परतले होते. कर तर गेला नाहीच, वर हा निकाल आला. गांधींच्या सत्याग्रहात तोवर पुरुषच तुरुंगात जात. या निकालानंतर स्त्रिया पुढे झाल्या आणि सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांनी सक्तमजुरीची शिक्षा पत्करली. १९१४ च्या कायद्याने अखेर भारतीय विवाहांना मान्यता मिळाली. पत्नीपणाचा पुरावा मागणाऱ्या सत्तेला स्त्रियांनी तुरुंगात जाऊन उत्तर दिले, तो हा प्रसंग होय.

ब्रिटनचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. १९७० च्या दशकात तेथे जाणाऱ्या विवाहितेला मायदेशातच प्रवेशपरवाना मिळवावा लागे आणि त्यासाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागे. लग्नासाठी जाणाऱ्या नियोजित वधूला मात्र तो लागत नसे. साहजिकच प्रत्येक नियोजित वधूकडे विमानतळावरचा अधिकारी संशयाने पाहू लागला. या संशयाने १९७९ साली हीन पातळी गाठली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती विवाहित आहे की अविवाहित हे पाहण्यासाठी, कौमार्यतपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांनी ती गोष्ट उजेडात आणली, भारतात संताप उसळला आणि तो प्रकार थांबला. पुढे २८ मे १९८५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आणखी एक पक्षपात दाखवून दिला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला पुरुष पत्नीला आणू शके. स्थायिक झालेल्या स्त्रीला मात्र पती आणणे फार कठीण होते. न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरविला. सरकारने समता आणली खरी, परंतु कशी? स्त्रियांची वाट सोपी करून नव्हे, तर पुरुषांची अवघड करून. सरकारे उदार होतील या भरवशावर संसार उभारू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आता सूरजागडकडे वळू. येथील माडिया लग्न हा गावाचा उत्सव असतो. गायता आणि भूमिया साक्षीला असतात, नातलग जमतात, मोहाची दारू असते, रात्रभर रेला चालतो. ते लग्न सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच ते कोठे लिहून ठेवावे असे कोणालाच वाटत नाही. कित्येक जोडपी तर गावजेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून आधी एकत्र राहू लागतात आणि समारंभ पुढे सवडीने होतो. कधी मुले मोठी होईपर्यंत होतच नाही. अशा जोडप्यांचे सामूहिक विवाह स्वयंसेवी संस्था व पोलीस यांच्या पुढाकाराने गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात पार पडले, यावरूनच प्रश्नाची व्याप्ती दिसते. समाजाच्या दृष्टीने या संसारांत काहीही उणे नाही. पण मुंबईच्या वकिलातीत बसलेल्या अधिकाऱ्याने सूरजागडचा रेला ऐकलेला नाही. त्याला तारीख हवी, सही हवी, शिक्का हवा.

कायद्याची गुंतागुंत येथेच सुरू होते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्याच्या कलम २ मध्येच तसे म्हटले आहे. आदिवासींचा विवाह रूढीने होतो आणि रूढीनेच वैध ठरतो. ही तरतूद योग्यच आहे. तिने आदिवासी समाजाची स्वायत्तता राखली आहे. तथापि वैधता वेगळी आणि पुरावा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वच धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे आणि ग्रामीण भागात ही नोंद ग्रामसेवकाकडे होते. म्हणजे दार आहे. मग आत जाण्यास अडचण कोणती?

पहिली अडचण, जोडावयाच्या कागदांची. लग्नपत्रिका, लग्नाचे छायाचित्र, विधी करणाऱ्याची सही, साक्षीदारांचे ओळखपत्र, वयाचा दाखला. ज्या लग्नाला निमंत्रण तोंडी दिले गेले, त्याची पत्रिका कोठून आणावयाची? विधी करणाऱ्याच्या रकान्यात पुरोहिताऐवजी गायत्याचे नाव लिहावे की नाही, या शंकेनेच कारकून अर्ज बाजूला ठेवतो. दुसरी अडचण वयाची. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख हीच पुढे आयुष्यभराची जन्मतारीख होते. त्या अंदाजाने मुलगी लग्नाच्या दिवशी अठरा वर्षांची नव्हती असे दिसले की नोंदणी तेथेच अडते. तिसरी अडचण नावाची, आणि ही मात्र केवळ आदिवासींची नाही, सबंध महाराष्ट्राची आहे. आपल्याकडे स्त्रीच्या नावात लग्नाआधी वडिलांचे नाव, लग्नानंतर पतीचे नाव. कधी आडनावही बदललेले, कधी पहिले नावसुद्धा. शाळेचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचे, पारपत्र तिसऱ्या. त्यातच मडावी, आत्राम, हिचामी, उसेंडी ही आडनावे रोमन लिपीत दर कचेरीत निराळ्या अक्षरांनी लिहिली जातात. आपल्या दृष्टीने हा लेखनिकाचा हलगर्जीपणा. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या स्त्रिया.

यावर काही वकील एक सोपा तोडगा सुचवितात: ‘कोर्टात पुन्हा लग्न करा.’ हा सल्ला पूर्ण विचारान्ती घ्यावा. सहा वर्षे संसार केलेल्या, पदरी मूल असलेल्या जोडप्याने गेल्या महिन्याच्या तारखेचे विवाहपत्र पुढे केले, की ते लग्न व्हिसासाठीच झाले असा संशय घेण्यास जागा मिळते. त्यापेक्षा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील एक उपेक्षित तरतूद उपयोगी पडावी. इतर विधीने आधीच झालेल्या विवाहाची नोंद त्या कायद्याखाली करता येते. त्यासाठी समारंभ झालेला असावा, दोघे तेव्हापासून पतिपत्नी म्हणून एकत्र राहत असावेत, नोंदणीच्या वेळी दोघांचीही वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावीत, आणि तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. समारंभानंतर जन्मलेली मुले त्या नोंदीने औरस मानली जातात. मात्र या कायद्याखाली नोंद केल्यास वारसाहक्काला रूढीऐवजी वेगळा कायदा लागू होण्याचा संभव असतो; तेव्हा जमिनीचा प्रश्न असलेल्या घरांनी जाणत्या माणसाला विचारूनच ते पाऊल टाकावे. आणि तीस दिवसांची नोटीस म्हणजे विमानाचे तिकीट हाती आल्यावर सुचावयाची गोष्ट नव्हे, हे सांगणे नलगे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सूरजागडातून परदेशी जाणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण विवाहाचा कागद केवळ व्हिसाला लागत नाही. पती अपघातात गेला तर नुकसानभरपाई, नोकरीत असेल तर कुटुंबनिवृत्तिवेतन, बँकेतील ठेव, घरकुलातील नाव, पतीने दुसरी स्त्री घरात आणली तर पोटगी. प्रत्येक ठिकाणी त्या बाईला ‘तू त्याची कोण?’ हा प्रश्न विचारला जातो. खाणीमुळे ज्या भागात मजुरी, मालमोटारी आणि अपघात वाढले, त्या भागात हा प्रश्न विचारला जाण्याचे प्रसंगही वाढणारच. व्हिसा हे केवळ त्या प्रश्नाचे सर्वांत दूरचे आणि सर्वांत कडक रूप आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या समाजाने सरकारी कागदावाचून पिढ्यान्पिढ्या संसार केले, त्याच्या लग्नात सरकारने नाक खुपसावेच का? जंगलाची नोंद करता करता जंगल गेले. आता लग्नाची नोंद करता करता रूढी जाणार नाही कशावरून? ही भीती पोकळ नाही. परंतु तिचे उत्तर नोंद टाळण्यात नसून नोंदीची वही कोणाच्या हाती असावी, हे ठरविण्यात आहे. गडचिरोलीनेच याचा मार्ग दाखविला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर आणला. तेथील ग्रामसभा बांबूचा व्यवहार स्वतः पाहू लागली. कागदाने तेथे रूढी मेली नाही, उलट तिला आधार मिळाला. १९९६ च्या पेसा कायद्याने तर समाजाच्या चालीरीती जपण्याचे काम ग्रामसभेलाच सोपविले आहे. जी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा हिशेब ठेवू शकते, ती गावातील लग्नांची वही ठेवू शकणार नाही काय? वधूवरांची पूर्ण नावे, तारीख, गायत्याचा अंगठा वा सही, चार साक्षीदार आणि ग्रामसभेचा ठराव, एवढे त्या वहीत असले, आणि त्या नोंदीवरून ग्रामसेवकाने प्रमाणपत्र द्यावे असा स्पष्ट आदेश शासनाने काढला, तर पत्रिका आणि छायाचित्राचा अडसर आपोआप दूर होईल. लग्न गावाचेच राहील. कागद तेवढा सरकारचा होईल.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती शहरी घरांनीही ऐकावी. परदेशस्थ नवऱ्याने लग्न करून निघून जावे, ‘व्हिसा पाठवतो’ म्हणावे आणि मग पत्रही पाठवू नये, अशा तक्रारी इतक्या झाल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ साली अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. अशा विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने व्यापक कायद्याची शिफारस केली. कायदे होतील तेव्हा होतील. तोवर मुलीच्या आईवडिलांनी एवढे तरी पाहावे की, जाणाऱ्या जावयाच्या अर्जात आपल्या मुलीचे नाव आहे काय? ज्याला तिला खरोखरच न्यावयाचे आहे, त्याला ते नाव लिहिण्यास अडचण असण्याचे कारण नाही. आणि जी मुलगी स्वतः शिष्यवृत्तीवर निघाली आहे, तिच्या पतीने ‘बायकोचा आश्रित म्हणून कसा जाऊ?’ असे म्हणून संकोच करू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्याच अमेरिकेला गेल्या. गोपाळरावांना तेथे पोहोचण्यास पुढे वेळ लागला. त्या काळी आडवा येण्यास व्हिसा नव्हता, आडवा आला तो पैसा आणि समाज. आज समाज बराच निवळला आहे. तेव्हा कागदाला आडवे येऊ देणे हा करंटेपणा ठरेल.

तात्पर्य, करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. आश्रमशाळेच्या शिक्षकांनी पहिलीच्या पटावर नाव चढविताना जन्माचा दाखला मागावा, आणि तो नसेल तर तो काढण्यास पालकांना मदत करावी. अंदाजाची तारीख लिहिणे सोपे असते, पण तिचे ओझे वीस वर्षांनी त्या मुलीच्या डोक्यावर येते. कचेरीतील लेखनिकांनी आडनाव रोमन लिपीत लिहिताना आधीचा दाखला समोर ठेवावा. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी एटापल्लीच्या माणसाला नागपूरच्या पारपत्र कार्यालयापर्यंत हेलपाटे पडू नयेत. आदिवासी विकास विभागाने शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्राबरोबरच विवाहित विद्यार्थ्याला त्या त्या देशाचे जोडीदारासंबंधीचे नियम मराठीत द्यावेत. शिष्यवृत्तीचा हिशेब एका विद्यार्थ्याच्या खर्चाचा असतो, हे खरे. पण माणूस एकटा नसतो, एवढे तरी विभागाने ध्यानात घ्यावे. ग्रामसेवकांनी वर्षातून एकदा, लग्नसराई संपल्यावर, गावोगाव जाऊन नोंदणीचे शिबिर भरवावे. आणि विद्यार्थ्यांनी, ज्यांना उद्या जावयाचे आहे त्यांनी, प्रवेशाचा अर्ज भरण्याच्याच दिवशी विवाहनोंदणीचाही अर्ज भरावा. दोघांची पारपत्रे एकाच वेळी काढावीत. आणि व्हिसाच्या पहिल्या अर्जात जोडीदाराचे नाव, तो बरोबर येणार असो वा नसो, न चुकता लिहावे.

सूरजागडचा दगड आज विनासायास डोंगराबाहेर पडतो. त्याच्या वाहतुकीचे परवाने, पावत्या, वजने सारे चोख असते. तेथील माणसाला मात्र स्वतःच्या पत्नीला बरोबर नेण्यासाठी ती पत्नी असल्याचा पुरावा मिळत नाही, ही विसंगती ज्या व्यवस्थेने निर्माण केली, तिनेच ती दूर केली पाहिजे. खनिजाच्या नोंदीला जेवढी तत्परता दाखविली जाते, तेवढी माणसाच्या नोंदीला दाखविली जावी, याहून अधिक काही या जिल्ह्याचे मागणे नाही.